गावाच्या हिशेबातले पाच टक्के

घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजाराच्या गाळ्यांचं भाडं असं सगळं मिळून एखाद्या ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला आठ लाख रुपये आहे, असं धरू. महाराष्ट्रात ग्रामपंचायत असो की नगरपालिका, प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेनं आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होतं. म्हणजे आपल्या या गावाचे झाले ४० हजार. गावात प्रमाणपत्र असलेले वीस दिव्यांग असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात दोन हजार. मार्च जवळ आला किंवा दिवाळी तोंडावर आली की ही रक्कम खात्यावर जमा होते, दप्तरात सह्या-अंगठे होतात आणि वर्षाचं काम संपतं. काही गावांत तर ही रक्कम दोन-दोन वर्षं पडून राहते आणि कुणीतरी पंचायतीच्या दारात बसल्यावर बाहेर निघते.

दोन हजारांना कमी लेखायचं माझ्या मनात नाही. ज्या घरात एक माणूस अंथरुणावर आहे आणि दुसरं त्याच्यापायी मजुरीला जाऊ शकत नाही, तिथे दोन हजारांत महिन्याचा किराणा येतो. पण वीस जणांच्या वीस गरजा एकसारख्या नसतात. एकाला संडासात धरायला दांडी हवी असते, एकीला तालुक्याला फिजिओथेरपीसाठी जायला गाडीभाडं हवं असतं, एका मुलाच्या श्रवणयंत्राची बॅटरी संपून सहा महिने झालेले असतात आणि एखाद्याचं त्यातलं काहीच अडलेलं नसतं. चाळीस हजारांचे वीस सारखे तुकडे केले की यातली एकही अडचण सुटत नाही. हे पंचायतीतल्या लोकांना कळत नाही असंही नाही. पण सारखे तुकडे केले की तक्रार होत नाही आणि लेखापरीक्षणात विचारणाही होत नाही. वेगळं काही करायचं, तर आधी त्या वीस जणांना एकत्र बसवून विचारावं लागतं. या लेखात मला बोलायचं आहे ते या विचारण्याबद्दल. आपल्याकडे दिव्यांगांसाठी योजना आहेत, पैसे थोडे का होईना आहेत, कायदा तर चांगलाच भक्कम आहे. कमी आहे ती जिथे ठरतं त्या जागी त्यांच्या असण्याची.

आधी मोजदादीकडे पाहू, कारण यादीत नसलेल्या माणसाला कुणी बोलावत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. लोकसंख्येच्या हे २.२१ टक्के. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाख ६३ हजारांच्या घरात होती. उत्तर प्रदेशाखालोखाल आपला क्रमांक. देशातले शंभरातले जवळजवळ सत्तर दिव्यांग खेड्यात राहतात, हेही त्याच जनगणनेनं सांगितलं. ही मोजणी झाली तेव्हा १९९५ चा कायदा होता आणि त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानं ते एकवीस केले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले, स्वमग्नता आली, पार्किन्सन आला, ॲसिडहल्ल्यातून वाचलेली माणसं आली. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलनं हाडं ठणकत असलेली पोरं शाळा बुडवून घरी बसलेली असतात. त्यांच्याकडे पाहून कुणी त्यांना अपंग म्हणणार नाही, पण कायदा आता त्यांना दिव्यांगांत धरतो. गावाच्या यादीत मात्र अजून बहुतेक काठी, कुबडी आणि तीनचाकी सायकलच असते.

यादीत यायचं तर प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्र मिळतं जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये किंवा ठरवून दिलेल्या उपजिल्हा रुग्णालयात. ऑनलाइन अर्ज, मग तारीख, मग तपासणी, मग टक्केवारी. चाळीस टक्क्यांच्या खाली दिव्यांगाच्या ओळखीचं पिवळं कार्ड नाही; ऐंशीच्या पुढे निळं. बहुतेक सगळे लाभ चाळीसपासून सुरू होतात, म्हणून सिव्हिलच्या व्हरांड्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द ‘टक्के’ हा आहे. एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण ती हे कार्ड हातात आल्यावर. त्याआधीच्या फेऱ्यांचं भाडं पूर्ण भरावं लागतं. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, ती वेगळीच. पाच टक्क्यांच्या निधीतून एखाद्या पंचायतीनं वर्षातून एकदा गाडी करून सगळ्या अर्जदारांना एकदम तपासणीला नेलं, तर पुढची कितीतरी वर्षं त्या माणसांना बाकीचे लाभ मिळत राहतील. अशी कल्पना त्या फेऱ्या स्वतः मारलेल्या माणसाला चटकन सुचते.

गावात कुणाच्या घरी काय आहे हे आशाताईंना आणि अंगणवाडीच्या बाईंना तोंडपाठ असतं. कुणाचं बाळ मान धरत नाही, कुणाची सून बाळंतपणानंतर गप्प गप्प झाली, कुणाचे आजोबा आता ताट चाचपडतात. ही माहिती पंचायतीच्या यादीपर्यंत पोचवायला कुणी लागत नाही, फक्त एक बैठक लागते.

महिन्याच्या पैशांचं थोडक्यात. संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानाला गावात ‘संजय गांधीचा पगार’ म्हणतात. कित्येक घरांत तो एकमेव खात्रीचा पैसा असतो. २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये साफ लिहिलं आहे की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांना मिळते त्यापेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. तरीही महाराष्ट्रात सगळ्यांना सारखेच दीड हजार मिळत राहिले. या नियमाप्रमाणे दिव्यांगांचे १,८७५ तरी व्हायला हवे होते. उपोषणं झाली, मोर्चे निघाले आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ही रक्कम अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. कायद्यात लिहिलेलं पदरात पडायला इतकी वर्षं लागली आणि तेही दिव्यांग स्वतः रस्त्यावर बसले तेव्हा, हे विसरून चालणार नाही.

आता रॅम्पबद्दल. कुठल्याही पंचायतीच्या कार्यालयासमोर, शाळेच्या दारात, तलाठी चावडीत तुम्हाला आता रॅम्प दिसेल. तो कागदोपत्री असतो, फोटोत असतो, बांधलेलाही असतो. त्याच्यावरून चाकाची खुर्ची मात्र वर जात नाही. उताराचा नियम एकास बारा असा आहे. जोतं एक फूट उंच असेल तर रॅम्प बारा फूट लांब हवा. दीड फुटाला अठरा फूट. जागा वाचवायची म्हणून गवंडी तो पाच-सहा फुटांत संपवतो. मग त्यावरून मोटारसायकली वर चढतात आणि रात्री तिथेच लावल्या जातात. खुर्चीतला माणूस त्यावर चढू लागला तर मागे कोसळेल, उतरू लागला तर थेट रस्त्यात जाईल. बाजूला कठडा नसतो, वर वळायला सपाट जागा नसते आणि दाराचा उंबरठा तसाच असतो. यात पैसे वाचलेले नाहीत. तेच सिमेंट, तीच वाळू, तोच ठेका. बांधकाम सुरू असताना गावातल्या एका खुर्चीवरल्या माणसाला बोलावलं असतं, तर त्यानं अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता याव्यात म्हणून याचिका केली होती. १५ डिसेंबर २०१७ ला न्यायालयानं मुदती घालून आदेश दिले. त्यांचं पालन पुरेसं झालं नाही. मग ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की केंद्राच्या २०१७ च्या नियमांमधला नियम १५ हा कायद्याशी विसंगत आहे, कारण कायदा जे बंधनकारक करतो ते हा नियम नुसत्या मार्गदर्शक सूचनांच्या पातळीवर आणून ठेवतो. ज्या गोष्टींत सवलत नाही असे किमान नियम तीन महिन्यांत करा, असं केंद्राला सांगण्यात आलं. हा निकाल प्रत्येक ग्रामपंचायतीच्या बांधकामाला लागू पडणारा आहे आणि तो गावापर्यंत पोचवायचं काम गावातल्याच कुणीतरी करायला हवं.

असं काम स्वतःच अंगावर घेणारी माणसं महाराष्ट्रात झाली आहेत. कोल्हापूरचं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून त्यावर थोडं रेंगाळतो.

नसीमा हुरजूक कॉलेजच्या वयात पाठीच्या दुखण्यानं कमरेखाली अधू झाल्या. खेळणारी, नाचणारी मुलगी अंथरुणाला खिळली. त्या काळात एखाद्या मुलीचं आयुष्य माजघरात संपवायला एवढं पुरेसं होतं. त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः पॅराप्लेजिक होते आणि तरीही स्वतःची गाडी चालवत होते. या भेटीला नसीमादीदींनी पुढे फार मोठं स्थान दिलं आहे. डॉक्टरांनी, नातेवाइकांनी दिलेल्या धीरापेक्षा आपल्याच अवस्थेतला एक माणूस समोर हिंडता-फिरता दिसणं, यातून त्यांना उभारी मिळाली. दीदी शिकल्या, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरीला लागल्या आणि १९८४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे.

या संस्थेची रचना मला महत्त्वाची वाटते. उचगावला ‘घरौंदा’ हे वसतिगृह झालं. खेड्यापाड्यांतून आलेली, रांगत शाळेत जाणारी किंवा शाळेत घातलीच न गेलेली मुलं तिथे राहू लागली. त्यांच्यासाठी समर्थ विद्यामंदिर ही शाळा निघाली आणि तिथे आसपासची धडधाकट मुलंही त्याच वर्गात बसू लागली. चाकांच्या खुर्च्या आणि कॅलिपर बनवणारी कार्यशाळा झाली. त्यातले काही कारागीर स्वतःच खुर्चीवर बसून काम करणारे. पुढे सिंधुदुर्गात ‘स्वप्ननगरी’ उभी राहिली, तिथे काजूवर प्रक्रिया होऊ लागली. म्हणजे राहणं, शिकणं, चालण्याचं साधन आणि कमाई असा चौकोन जुळला आणि निर्णय घेणाऱ्यांत पहिल्यापासून स्वतः अपंगत्व जगलेली माणसं राहिली. कुठली दारं किती रुंद हवीत, न्हाणीघरात नळ कुठल्या उंचीवर हवा, वसतिगृहातल्या मुलीला पाळीच्या दिवसांत काय अडचण येते, हे ठरवायला त्यांना बाहेरून तज्ज्ञ बोलवावा लागला नाही.

कोल्हापूरची संस्था सगळीकडे उभी राहणार नाही, ते मला मान्य आहे. नसीमादीदी काही तालुक्याला एक या हिशेबानं जन्माला येत नाहीत. पण कार्यशाळेची गोष्ट मात्र कुठेही करता येण्यासारखी आहे. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची तीनचाकी सायकल, कुबड्या, श्रवणयंत्रं शिबिरं भरवून देशभर वाटली जातात. मंडप, सत्कार, रांगेत उभ्या केलेल्या सायकली. शिबिर संपतं आणि सायकल घरी येते. खेड्यातला रस्ता खडीचा, शेतातली वाट चिखलाची. वर्ष-दीड वर्षात ट्यूब जाते, चेन सैल पडते, हातानं फिरवायच्या दांड्याचं बेअरिंग झिजतं. गावातला सायकलवाला हे सगळं दुरुस्त करू शकतो, पण सुटे भाग त्याच्याकडे नसतात आणि ते कुठे मिळतात हे कुणी सांगितलेलं नसतं. मग सायकल गोठ्यात जाते. मालक पुन्हा ओसरीवर बसतो आणि पुढच्या शिबिराची वाट पाहतो. चार-पाच गावांच्या पंचायतींनी आपापल्या निधीतून थोडे थोडे पैसे घालून बाजाराच्या गावी एका गॅरेजवाल्याला सुटे भाग आणून दिले, दुरुस्तीचे दर ठरवून दिले, आणि तिथे हाताला काम हवं असलेला एक दिव्यांग तरुण शिकायला बसवला, तर वाटलेल्या सायकली चालू राहतील. सामूहिक कामासाठी निधी वापरायला परवानगी आहेच.

बौद्धिक अपंगत्व किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांच्या घरांची काळजी वेगळी असते. ‘आमच्यामागं याचं कोण?’ हा प्रश्न मी ज्या ज्या आईच्या तोंडून ऐकला, तिनं तो मूल लहान असतानाच विचारायला सुरुवात केलेली होती. मूल अठराचं झालं की कायद्यानं सज्ञान. बँकेचं खातं, वडिलांच्या जमिनीतला वाटा, दवाखान्यातली संमती, सगळीकडे त्याची स्वतःची सही लागते. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे आणि त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी ती तिघांची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्या प्रौढांना ही समिती कायदेशीर पालक नेमून देते. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत अशा व्यक्तींना एक लाखापर्यंतचं आरोग्य विमासंरक्षण मिळतं आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. ही समिती आपल्या जिल्ह्यात आहे, हे फारच थोड्या घरांना ठाऊक असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन पालकांनी तिची पुढची बैठक कधी आहे, एवढं जरी विचारलं तरी कागद हलू लागतात.

अशा मुलांना दिवसा कुठे पाठवायचं, यावर केरळनं एक उत्तर शोधलं आहे. तिथे स्थानिक पंचायती आणि कुडुंबश्री हे बायकांच्या बचतगटांचं जाळं मिळून ‘बड्स’ नावाच्या शाळा आणि पुनर्वसन केंद्रं चालवतात. इमारत आणि पैसा पंचायतीचा, देखरेख गावची. मुलाला दूरच्या शहरात वसतिगृहात ठेवायची गरज नाही. सकाळी आई कामाला जाते, संध्याकाळी मूल घरी येतं. आपल्याकडे मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा त्यांची आधी वेगळी शाळा होती. पुढे त्यांच्या संस्थेनं वेगळ्या शाळेचा आग्रह सोडून धारावीच्या वस्तीत बालवाड्या चालवल्या आणि त्यात अपंग आणि इतर मुलं एकत्र शिकवली. महाराष्ट्राच्या गावागावांत अंगणवाडी आहे, उमेदचे बचतगट आहेत, रिकाम्या पडलेल्या शाळाखोल्या आहेत. केरळच्या वाटेनं जायला सामान आपल्याकडे कमी नाही.

आता मुद्दा जिथे ठरतं त्या जागेचा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देण्याची सोय देशभर झाली. जे अंथरुणावरून उठू शकत नाहीत, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण जो खुर्चीवर बसून बाजारात जातो, त्याला चारचौघांबरोबर रांगेत थांबून मत द्यायचं असतं, आणि सगळी मतदान केंद्रं त्याच्यासाठी सोयीची असली पाहिजेत असं कलम ११ सांगतं. घरचं मतदान ही केंद्राच्या पायऱ्या तशाच ठेवण्याची सबब होऊ नये.

मत देण्यापुढची पायरी उमेदवारीची. तिथे इतिहास कटू आहे. ओडिशाच्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरोग्याला निवडून येण्यास अपात्र ठरवणारी तरतूद होती. नगरसेवक झालेल्या धीरेंद्र पांडुआ यांचं पद तिच्यामुळे गेलं आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती तरतूद वैध ठरवली. बदलत्या वैद्यकीय ज्ञानाच्या उजेडात विधिमंडळानं फेरविचार करावा, असं मात्र सुचवलं. आनंदवनाच्या महाराष्ट्रात हे वाचताना लाज वाटते. कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांनी १९४९ पासून वरोऱ्याच्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली, स्वतःचा कारभार चालवून दाखवला. त्याच आजाराच्या नावानं एक माणूस नगरपालिकेच्या सभागृहातून बाहेर काढला गेला, तोही औषधानं बरा होणाऱ्या आजाराच्या काळात.

आता वारं उलटं वाहू लागलं आहे. छत्तीसगडनं पंचायतीत दिव्यांग प्रतिनिधी असावा अशी तरतूद २०१९ मध्ये हाती घेतली. तमिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये विधेयकं मंजूर करून सगळ्या स्थानिक संस्थांवर दिव्यांग व्यक्ती नेमण्याचा मार्ग मोकळा केला. त्यात बारा हजारांहून अधिक ग्रामपंचायती येतात. नेमलेला सदस्य सरपंचाचा माणूस होईल, त्याला मतदानाचा हक्क नसेल, अशा शंका आहेत आणि त्या रास्त आहेत. पंचायतीत महिला आरक्षण आलं तेव्हाही ‘सरपंचपती’ झाले. पण पंचवीस-तीस वर्षांत त्याच आरक्षणातून पाण्याच्या टाकीसाठी भांडणाऱ्या बायाही उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं २०२२ मध्ये जाहीर झालं. त्या खात्यानं ग्रामविकास खात्याबरोबर बसून आपल्या ग्रामपंचायत कायद्यात अशी दुरुस्ती मांडली पाहिजे.

मात्र गावानं तोवर थांबायचं कारण नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ नुसार ग्रामसभा ग्रामविकास समित्या नेमू शकते. त्यांत कुणाला घ्यायचं हे ग्रामसभा ठरवते, आणि ग्रामसभेत गावचा प्रत्येक मतदार सभासद असतो. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानं तीन-चतुर्थांश सदस्य पालकांतून घ्यावे लागतात. त्यांत वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं अपंग मुलं या घटकात आली. म्हणजे दिव्यांग मुलाची आई या समितीवर हक्कानं बसू शकते.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाचा गावविकास आराखडा तयार व्हायला लागतो. दिवाळीनंतरच्या आठवड्यांत त्यात भर घालता येते, २६ जानेवारीच्या सभेत पुन्हा विषय काढता येतो. सभा खालच्या मजल्यावर घ्या, ऐकू न येणाऱ्यांसाठी विषयपत्रिका आधी हातात द्या, वाचता न येणाऱ्यांना कुणीतरी वाचून दाखवा, ही मागणी आधी लेखी द्यावी. सभेत मागच्या वर्षीच्या पाच टक्क्यांच्या खर्चाची नोंदवही वाचून दाखवायला सांगावं. दिव्यांगांची यादी वाचायला सांगावी, आणि आशाताईंना त्यात कोण राहिलं ते विचारावं. मग यंदाचा निधी कशावर खर्च करायचा हे ठरवण्यासाठी दिव्यांग आणि त्यांचे पालक यांची समिती नेमण्याचा ठराव मांडावा. अनुमोदन मिळालं की तो प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यावा, नावांसकट, आणि सभा संपायच्या आत वाचून घ्यावा. नक्कल द्यायला टाळाटाळ झाली, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा आणि त्याची एक प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला पाठवावी.